मंडळाचं व्याख्यान नंतर, आधी त्याला जाऊन विचार

"ताई, नाव छापू नका, डिचोली तालुक्यातला आहे एवढं पुरे. आमच्या वाड्यावर गेल्या वर्षी गणेश चवथीनंतर एका पोराने जीव दिला, 22 वर्षांचा होता. आता माझा लहानपणापासूनचा दोस्त तसाच वागतोय असं मला वाटतंय. पणजीत कॅसिनोत नाईट ड्युटी करायचा ती सोडली, लोन ॲपवाले त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज टाकतात. परवा भजन संपल्यावर म्हणाला, 'हे टाळ तुझ्याकडेच ठेव, पुढच्या वर्षी तूच वाजव', आणि हसला. मी पण हसलो. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. विचारलं तर उलट डोक्यात भरेल का? बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात नेलं तर गावभर होईल, पोलिस केस पण होते म्हणतात. त्याची आई देवळात कौल घ्यायला गेली होती. मंडळाने आत्महत्या ह्या विषयावर व्याख्यान ठेवायचं ठरवलंय, वक्ता कोण बोलवू?"

अरे, वक्त्याचं नंतर बघू.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते टाळांचं. आवडीची वस्तू देऊन टाकणं, मी नसलो तर असं काहीतरी हसत हसत बोलणं, नोकरी गेलेली, कर्ज गळ्याशी आलेलं, सुटी सुटी बघितली तर ह्यातली एखादी गोष्ट कुणाच्याही घरात सापडेल, पण तुझ्या दोस्ताकडे सगळ्या एकदमच आल्यात आणि त्यात वाड्यावर वर्षभरापूर्वीच एक पोरगा गेलाय, ज्याला तो चांगला ओळखत असणार. तुला जे वाटलं ते बरोबर वाटलं. उगाच काहीतरी मनात येतंय म्हणून झटकू नको.

विचारल्याने डोक्यात भरतं ही भीती सगळ्यांना असते, डॉक्टरांच्या घरातल्यांनाही असते. पण ह्यावर बराच अभ्यास झालाय आणि सरळ विचारल्याने धोका वाढतो असं कुठे दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना विचारल्यावर हलकंच वाटतं कारण तो विचार ते एकटेच किती दिवस घेऊन फिरत असतात. तर आजच विचार. चार माणसांत नको, बाईकवर मागे बसवून पण नको, वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही आणि तोंड दिसत नाही. त्याच्या घराच्या सोप्यावर बस, नाहीतर देवळामागे तळीकडे, फोन खिशात ठेव. आणि आडवळणाने 'तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना' असं विचारू नको, कारण त्याचं एकच उत्तर येतं, 'छे रे'. तुम्ही दोघं घरी कोंकणीतच बोलत असणार ना, मग तसंच विचार, 'मरपाचे विचार येतात रे तुका?' टाळांचं बोललास ते मला लागलं, म्हणून विचारतोय, असं सांग. आणि मग गप्प बस. हे गप्प बसणंच कठीण आहे, आपल्याला लगेच काहीतरी शहाणपणाचं बोलावंसं वाटतं.

तो हो म्हणाला तर दचकू नको. 'आईचा विचार कर', 'एवढ्याशा पैशासाठी', 'लोक किती वाईट दिवस काढतात', यातलं एकही वाक्य नको, ह्याने माणूस तोंड मिटतो. पुढचं विचार. कधीपासून येतात, रोज येतात का, कसं करायचं हे ठरवलंयस का, ते घरात आहे का, आज रात्री काय वाटतंय. जितकं ठरलेलं आणि जितकं जवळचं, तितका धोका मोठा. ठरलेलं असेल तर त्या रात्री त्याला एकट्याला सोडायचं नाही, एवढं सोपं. तू तिथे झोप, नाहीतर त्याला तुझ्याकडे आण. आणि शपथेचं म्हणशील तर ती मोडायची. त्याला तोंडावर सांगूनच मोडायची, 'हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही, तुझ्या भावाला आणि एका डॉक्टरला सांगणार, अजून कुणाला नाही'. तो चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल.

तिथे बसल्या बसल्याच 14416 लाव. ही टेली मानस, केंद्र सरकारची लाईन, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, 20 भाषांत बोलता येतं आणि मराठी त्यात आहे. तो नंबर लागला नाही तर 1800-891-4416. आणि हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं की फोन त्यानेच केला पाहिजे असं नाही, तू पण करू शकतोस, 'माझ्या दोस्ताचं असं असं आहे, मी काय करू' म्हणून. स्पीकरवर टाक, तो बोलला तर बोलला. जिवाला आत्ताच्या आत्ता धोका आहे असं वाटलं, किंवा त्याने काही करून घेतलंय असं कळलं तर मात्र समुपदेशन वगैरे नंतर, 108 नाहीतर 112, आणि जवळचं जे इस्पितळ असेल ते.

आता घरातलं. त्याच्या भावाला नाहीतर वहिनीला हाताशी धर आणि आजीच्या बीपीच्या, झोपेच्या गोळ्या, बागायतीत मारायची औषधं, हे सगळं त्या घरातून काही महिने हलवा, दुसऱ्या घरी कुलपात. गोळ्या लागतीलच तर दोन दिवसांच्या बाहेर ठेवा. आणि घरात पिकाच्या राखणीची लायसनवाली बंदूक असेल, तुमच्याकडे सत्तरीच्या बाजूला बऱ्याच घरांत असते, तर निवडणूक आली की पोलिस स्टेशनात जमा करतात ना, तशीच ती आत्ता जमा करून टाका. लोकांना वाटतं ज्याला मरायचंय तो कसंही करेल. तसं नसतं रे. ती वाईट लाट पुष्कळदा काही तासांची, कधीकधी त्याहूनही कमी वेळाची असते, आणि त्या वेळी हाताला काही लागलं नाही तर ती उतरते, उतरल्यावर बहुतेक जण दुसरीकडे जाऊन दुसरं काही शोधत नाहीत. श्रीलंकेत सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण नंतरच्या वर्षांत खूप खाली आलं, शेती काही बंद पडली नाही.

आणि एक, हे मी गोव्यातल्या पुरुषमंडळींना मुद्दाम सांगते. तुमच्या मंडळातला कुणीतरी म्हणणारच, 'चल रे त्याला घेऊन बसूया, दोन बियर पाजूया, मन मोकळं होईल'. नाही. दारूने आधीच खचलेला माणूस आणखी खचतो आणि मनावरचा लगाम सुटतो, आणि ती घरी सोडल्यानंतरची रात्र तो एकटाच काढतो. पुढचे काही आठवडे त्याच्याबरोबर बसायचं तर चहा-भजी. बार आपल्याकडे दर वळणावर आहे म्हणून तो उपाय होत नाही.

बांबोळी. 'ह्याला बांबोळीला न्यायला पाहिजे' ही आपल्याकडची थट्टा मला चांगली माहीत आहे, लहानपणापासून ऐकत आलेय. पण बांबोळीला कोण जात नाही ते सांग. गुडघा दुखला तरी गोमेकॉ, म्हणजे तिथलंच गोवा मेडिकल कॉलेज, बाळंतपण गोमेकॉ, ॲक्सिडेंट गोमेकॉ, बसमध्ये अर्धा तालुका भेटतो. मानसोपचाराची ती सरकारी संस्था, आयपीएचबी, पण बांबोळीलाच आहे, विचारलं कुणी तर बांबोळीला चाललोय एवढं सांगितलं की पुढे कोण विचारत नाही. तरीही त्याला तिथे नकोच वाटलं तर म्हापशाचं जिल्हा इस्पितळ आहे, नाहीतर तुमच्या हेल्थ सेंटरच्या डॉक्टरपासून सुरुवात कर, तो चिठ्ठी देईल. तू बरोबर जा. सकाळी लवकर, नाश्ता करून, आधार कार्ड आणि आधीची काही औषधं चालू असतील तर त्यांचे कागद घेऊन. नंबर यायला वेळ लागेल आणि अर्ध्या तासाने तो म्हणेल, 'चल जाऊया, मला बरं वाटतंय आता'. तिथे तू बसून राहायचंस, तुझं खरं काम तेवढंच. डॉक्टरांसमोर तो 'झोप येत नाही' एवढंच सांगून उठायला लागला तर तू सांग, टाळांचं पण सांग. आणि गोळ्या दिल्या तर ह्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत काही फरक नाही म्हणून सोडायच्या नाहीत आणि बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनाने बंद पण करायच्या नाहीत.

पोलिसांचं. ही भीती आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या 309 कलमाची, आणि तिच्यापायी लोकांनी जखमी माणूस इस्पितळात न्यायला उशीर केलाय, म्हणून सरळ लिहिते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम 115 ने सांगितलं की ज्याने असा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. आणि 1 जुलै 2024 पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली त्यात ते 309 राहिलंच नाही. सरकारी माणसावर दबाव टाकायला म्हणून कुणी असं केलं तर त्याचं वेगळं कलम आहे, तुझ्या दोस्ताचा त्याच्याशी संबंध नाही. इस्पितळवाले पोलिसांना कळवतील, पोलिस येऊन दोन प्रश्न विचारतील, त्या नोंदीला घाबरून गाडी वळवू नका. आणि नुसते विचार येतात म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या माणसाची कसली आलीय केस.

लोन ॲपवाल्यांचं मला पत्र वाचताना डोकंच फिरलं. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, ओळखीच्यांना मेसेज टाकून अब्रू काढायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावलंय, आणि ह्यातली बरीचशी ॲप्स तर रिझर्व्ह बँकेच्या यादीत नसलेली, निव्वळ खंडणीवाली. त्याचा फोन एक दिवस तू घे. स्क्रीनशॉट काढ, 1930 वर सायबर फ्रॉडची तक्रार करा, फोटो बदलून पाठवायची धमकी असेल तर पोलिसांच्या सायबर सेलला पण द्या. त्याच्या ओळखीच्यांना तूच एक मेसेज टाक, असले मेसेज आले तर डिलीट करा, उत्तर देऊ नका, त्याला विचारू नका. ह्या शेवटच्या गोष्टीने त्याला किती बरं वाटेल तुला कल्पना नाही, कारण पैशापेक्षा त्याला ते मेसेज मारतायत. एका ॲपचं कर्ज फेडायला दुसरं ॲप एवढं मात्र करू देऊ नको. एकूण देणं किती ते एका कागदावर लिहा, भावाला दाखवा, बऱ्याचदा तो आकडा मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघतो.

आईच्या कौलावरून तिच्याशी भांडू नको. तिने गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला, तिच्या मनाला आधार मिळाला, बरंच झालं. देवाच्या कौलाने डॉक्टरला मनाई केलीय असं मी तरी कधी ऐकलेलं नाही. फक्त डॉक्टरकडे जायला चांगला दिवस बघत बसू नका. आणि कुणी घाडी किंवा भगत 'गोळ्या बंद करा' म्हणायला लागला तर तिथून उठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच मला तुमच्या व्याख्यानाचा राग येतो. पहिला आठवडा सगळे धावतात. माणूस बांबोळीहून आला की घर भरतं, फळं येतात, मामा येतो, मग महिन्याभरात जो तो आपल्या कामाला. खरा नाजूक काळ तो, इस्पितळातून घरी आल्यानंतरचे आठवडे-महिने. जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठा अभ्यास केला होता, 2008 मध्ये छापून आला, ब्राझील, श्रीलंका, इराण, चीन आणि आपलं चेन्नई अशा पाच ठिकाणचा. जीव द्यायचा प्रयत्न करून इस्पितळात आलेले 1,867 लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याबरोबर तासभर बसून नीट बोलणं आणि मग 18 महिन्यांत 9 वेळा फोन किंवा भेट, कसा आहेस, काय चाललंय, मदत पाहिजे का. बस एवढंच. त्या दुसऱ्या गटात नंतर आत्महत्येने गेलेले लोक खूपच कमी निघाले. महागडं मशीन नाही, नवीन औषध नाही, कुणीतरी ठरल्या दिवशी आठवणीने फोन केला.

हे तुमच्या मंडळाला जमण्यासारखं आहे. व्याख्यानापेक्षा जास्त जमण्यासारखं आहे, तुम्ही दर एकादशीला न चुकता भजनाला जमता ना. दोघांनी वाटून घ्या, एकट्याने नको, तू एकटा थकशील. पहिले दोन महिने आठवड्याला एक भेट, मग पंधरवड्याला, मग महिन्याला, फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, आणि चवथ झाली, घरं रिकामी झाली, पाहुणे गेले, की त्या आठवड्यात नक्की. भेटीत दर वेळी 'विचार येतात का' असं खोदायचं नाही, मधून मधून विचारायचं, एरवी पखवाजाची शाई भरायला द्यायचीय चल बरोबर, एवढं पुष्कळ. आणि ते टाळ परत दे त्याला. म्हण, मला ठेवता येत नाहीत, तूच ये वाजवायला.

डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना हे जमतं का, तर गोव्याइतकं ह्याचं उत्तर जगात फार कमी ठिकाणी दिलं गेलंय. इथल्या संगाथ संस्थेने आपल्याच हेल्थ सेंटरांत स्थानिक लोकांना शिकवून समुपदेशक केलं आणि नैराश्याच्या, चिंतेच्या रुग्णांना त्याने फरक पडतो हे दाखवलं, 2010 मध्ये आणि मग 2017 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय ते. बाहेरच्या देशांतले लोक हे गोव्याचं काम वाचून शिकतात आणि आपण डिचोलीत वक्ता शोधत बसलोय. कूज म्हणून दुसरी संस्था आहे, आत्महत्या प्रतिबंधाचंच काम करते, 1998 पासून. त्यांना किंवा आयपीएचबीच्या लोकांना बोलवा, पण भाषण करायला नको. शाल श्रीफळ नको, दीपप्रज्वलन नको, स्थानिक आमदार तर मुळीच नको, तो दीड तास उशिरा येतो. वाड्यावरच्या सात-आठ माणसांना खाली चटईवर बसवून, कसं विचारायचं, कसं ऐकायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं एवढं एका दुपारी शिकवा म्हणावं. त्या सात-आठांत बारवाला घ्या, पोस्टमन घ्या, मेडिकल स्टोअरवाली, अंगणवाडीतली बाई, रात्रीची बस चालवणारा. कुणाचा चेहरा उतरलाय हे ह्यांना आपल्या आधी दिसतं. ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याला मात्र घेऊ नका, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना. आणि 14416 मोठ्या अक्षरात देवळाच्या फळ्यावर, चक्कीवर, बारच्या गल्ल्यामागे, नुसता नंबर आणि 'रात्री कधीही, फुकट', बाकी सुविचार नको.

अजून एक घर राहिलं, ज्याचा तू एका ओळीत उल्लेख केलास. गेल्या वर्षी गेलेल्या त्या पोराचं. त्याच्या आईला आता हळदीकुंकवाला बोलावणं जातं का? ती चक्कीवर आली की बायका बोलायच्या थांबतात का? बहुतेक गावांत हेच होतं, कुणाच्या मनात वाईट नसतं पण काय बोलावं कळत नाही म्हणून लोक बोलतच नाहीत. ज्या घरातलं माणूस असं जातं त्या घरात नंतर धोका वाढतो, हे लक्षात ठेवून जा. 'का केलं त्याने', 'तुम्हाला कळलं नाही का' हे विचारू नका, ते ती स्वतःला रोज विचारते. त्याचं नाव घेऊन बोला. तो भजनात काय गायचा, क्रिकेटमध्ये कसा आऊट व्हायचा. वर्षश्राद्ध चवथीच्या आसपासच येत असेल तर बाकी कुणाच्या घरी जाता तसेच त्यांच्याकडे जा.

आणि तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन तूच असशील तर एक नियम आजपासून. कुठे असं काही घडलं की फोटो, चिठ्ठी, कसं केलं त्याचं वर्णन, कारण काय ह्याच्या चर्चा, काही टाकायचं नाही, टाकलं तर लगेच डिलीट आणि त्याला फोन करून सांगायचं. खचलेल्या माणसाने ते वाचलं की त्याला वाट दिसल्यासारखं होतं, हे मोठ्या पेपरांसाठी पण नियमात लिहिलेलं आहे. फार वाटलं तर 'वाईट बातमी आहे, घरच्यांसोबत राहूया' आणि खाली 14416. तुझा दोस्तही त्याच ग्रुपवर आहे.